का

वडगावात, रात्रपाळीला
इराण्णानं एक इअरफोन माझ्या कानात खुपसला.
"ऐक की. जपानची बाई हाय."

अठरा मागांच्या खडखडाटात
आधी फक्त तिचा श्वास आला,
वरच्या सुरावर चढण्याआधी घेतलेला,
भरलेला बीम उचलताना
आम्ही घेतो तसा.

कुठल्याशा कार्टूनच्या सुरुवातीचं गाणं.
चेहरा नाही. नाव सांगताना
इराण्णाची जीभ दोनदा अडखळली.
तो कानडी, मी मराठी,
अर्थ दोघांच्याही वाट्याला नाही.
पण ओळ संपता संपता ती विचारते: का?
आमच्या घरच्यासारखंच,
जेवलास का, येतोस का.
तेवढंच धरून बसलो.

तीन वाजता धागा तुटला.
माग थांबवला, गाठ मारली.
इराण्णानं हात पुढं केला,
मी मान दुसरीकडं वळवली.