थंड, कोमट, गरम

तिसऱ्या कंपनीचा मुलगा पडद्यावर हसतो आहे.
टोरांटोहून बोलतोय, कानात पांढरी बोंडं,
मागे पुस्तकांचं खोटं कपाट.
म्हणतो, हे नरसाळं आहे असं समजा, कॉर्कमबाई,
वरून नावं ओता, खाली गिऱ्हाईक गळतं.
नरसाळं मला ठाऊक आहे. बोटीत डिझेल भरताना
निम्मं हातावर येतं.

आमचं ऑफिस लुनेनबर्गला, धक्क्याच्या वरच्या गल्लीत,
खाली दोरखंडांचं दुकान.
दोन टेबलं, एक हीटर, ऑर्विल झ्विकर आणि मी.
बोटी, घरं, गाड्या, माणसं,
लोक याच क्रमाने विमा उतरवतात.

तीस वर्षांची कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
पेन्सिलीनं, ऑर्विलच्या तिरक्या अक्षरात:
"लॉब्स्टरचा हंगाम संपल्यावर फोन. आधी नको."
"सही तो करतो, ठरवते ती."
"भावाचं नाव काढू नये."
मी मुलाला विचारलं, हे शेवटचं कुठल्या रकान्यात घालू?
तो थांबला. तासाभरात पहिल्यांदाच
खराखुरा थांबला, आणि म्हणाला,
"शेरा" म्हणून एक रकाना आहे, दोनशे पंचावन्न अक्षरांचा.
तेवढ्यापुरता तो मला आवडला.

पहिल्या कंपनीचं स्वस्त होतं, पण ते रात्री दोनला
लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवी.
दुसऱ्याला वाटे, अख्खं जग घाईत आहे:
फक्त आज! उरले तीन तास!
इथं? जिथं माणसं कुंपण रंगवायचं की नाही
यावर दोन हिवाळे काढतात?

तिसरं चौदा दिवस फुकट होतं.
चाचणीला एक नाव हवं होतं, खोटं काही सुचेना.
समोर ऑर्विल सँडविच खात बसला होता,
त्याचंच टाकलं.
वय एकसष्ट. बोट: आहे. घर: आहे. ट्रक: आहे.
आग, पूर, चोरी, शेजाऱ्याला आपला कुत्रा चावला तर: आहे.
जीवन:
यंत्रानं ती चौकट पिवळी केली.

मी डबा उघडला, शेवटचा कप्पा.
झिंक होते, दुसरे झ्विकर सात होते,
चुलते, पुतणे, एक तर चुकून दोनदा.
ऑर्विलचं कार्डच नव्हतं.
कोण स्वतःला फोन करतं?

सोमवारी लाल ठिपका: ऑर्विल झ्विकर, गरम,
शंभरात चौऱ्याण्णव.
बुधवारी: अद्याप संपर्क नाही.
शुक्रवारी: हे नाव कोमट होत चाललं आहे.
मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोकला,
फेब्रुवारीपासून खोकतोय तसाच,
आणि म्हणाला, ठरलं का मग? महिन्याला किती?
मी आकडा सांगितला.
"तेवढ्यात आमिषाची दोन पिंपं येतात, हेटी."

मी फोन उचलला, यादीतला नंबर दाबला.
सहा फुटांवर त्याच्या टेबलावरचा वाजला.
त्यानं घेतला, सवयीनं आवाज खाली नेला,
"झ्विकर विमा, बोला."
मी खिडकीकडे तोंड फिरवलं.
"ऑर्विल," म्हटलं, "हेटी बोलतेय. दोन मिनिटं आहेत?"
मग बराच वेळ फक्त हीटरची घरघर,
एका कानाला फोनमधून, दुसऱ्याला खोलीतून.
शेवटी तो म्हणाला,
"लॉब्स्टरचा हंगाम संपल्यावर कर."

शेऱ्यात मी तेच लिहिलं, अक्षरन् अक्षर.
खाली यंत्रानं विचारलं, पुन्हा आठवण कधी करू?
मी दाबलं: उद्या.
सकाळी नऊला.