ऐन

राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाची होडी,
एकवीस माणसं आणि एक रडणारं पोर.
मोहिद्दीन उलडे आमच्यातच दाटीवाटीनं बसलेले,
गळ्यात गाइडचा बिल्ला,
बिल्ल्यावरचा माणूस बराच तरुण.

किल्ल्यात शिरताच सगळे तोफांकडे पळाले.
लोखंड उन्हातही गार राहतं म्हणे,
म्हणून जो तो हात लावून बघत होता.
उरलो चौघं. आम्हाला त्यांनी
पायऱ्या उतरवून तळ्याशी नेलं.

हिरवं, शेवाळलेलं, गोडं पाणी.
तटापलीकडे समुद्र आपटत होता,
चहूकडून,
घोटभरही न पिता येणारा.

"बावीस वर्षं हुफूफला काढली मी," ते म्हणाले.
"पंपावर.
सगळीकडे वाळू, आणि मधेच खजूर, लाखांनी.
लोक लांबून बघायला यायचे,
जुना बाजार, मातीचे बुरूज.
मी त्याच गर्दीतून डबा घेऊन पाळीला.
तिथं झऱ्याला ऐन म्हणतात. डोळ्यालापण ऐनच.
पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला, ऐनकडे जा.
मी आपला झाड शोधत फिरलो."

कुणी हसलं नाही.
पुण्याच्या बाईंना ऐन माहीतच नव्हता.
मग त्यांना सांगावं लागलं:
साल मगरीच्या पाठीसारखी,
खोडाला कुठेतरी फुगवटा असतो,
तिथं कोयता मारला की पाणी,
पेलाभर, तुरट,
रानात तहान लागली तर चालतं.

"रजेवर आलो की बायको विचारायची, काय बघितलंत?
काय सांगू? मीटर बघितला.
दरसाल खाली.
शेवटी झरा आटला, आम्ही सहाशे फुटांवर गेलो.
मिटल्या डोळ्यात नळी घातल्यासारखं वाटायचं.
मग आलो परत."

एवढं बोलून ते ओणवे झाले.
तळ्यात कुणाची तरी बाटली तरंगत होती,
ती काठीनं काठाशी ओढली,
झटकली, पिशवीत टाकली.
माझ्या हातात तशीच एक होती,
वीस रुपयांची, कोमट.
मी ती पिशवीत घातली,
उगाचच.

वरून होडीवाल्याची हाक: पाऊण तास झाला, चला!

परतताना किनारा जवळ आला तसे
वाळूमागचे माड दिसले,
झळांमध्ये हलणारे,
आणि क्षणभर मला ते माड वाटलेच नाहीत.
मोहिद्दीनभाईंकडे बघितलं.
ते डोळे मिटून बसले होते.

ऐन दुपार.
होडीवाल्यानं शीड उतरवलं.