त्रेसष्ट पाकोळ्या

स्टेशनाच्या भिंतीवर दोन हजार एकशे चार टाइल्स,
निळ्या. मोजताना मी दोनदा चुकले.
नगरपालिकेचं पत्र म्हणतं: भेगा बुजवाव्यात,
निर्णय होईतो
रंगाला हात लावू नये.

निर्णय म्हणजे, भिंत ठेवायची की उखडायची,
आता सगळ्या गावाला कळल्यावर
की आन्सेल्मु किंतेलाच्या भट्टीमागच्या खोलीत
शिकाऊ मुलींचं काय होत होतं.
कळलेलं आधीही होतंच.
आता छापून आलंय, एवढंच.

सभेत औषधाच्या दुकानाचा मालक उठून म्हणाला,
नदीचं मूळ विचारू नये.
टाळ्या पडल्या. पाद्र्यानेही मान हलवली.
मी मागच्या बाकावर, नखांत चुना.
मूळ कोण विचारतंय?
या पाण्यात बुडवलं कुणाला,
तेवढंच विचारायचं होतं.
विचारलं नाही.

आणि भिंत सुंदर आहे.
हे लिहिताना हात आखडतो, तरी आहे.
द्राक्षं तुडवणारे पाय, पोटरीपर्यंत चढलेला रस,
घागर कमरेवर घेऊन वळणारी एक बाई,
तिच्या वळण्यात अख्खी दुपार वळते.
सातव्या वर्षी आजोळची गाडी चुकली
तेव्हा इथेच मी पहिल्यांदा पाहिलं
की एका रंगात इतकं मावतं.
त्या दिवशी मी माझी झाले, असं सांगत आलेय सगळ्यांना.
आता ती गोष्ट कुठे ठेवू?

देओलिंदा रोज चारच्या गाडीआधी येते.
गाडीत चढत नाही.
भिंतीकडे पाठ करून बसते, संत्रं सोलते,
साल एका तुकड्यात उतरवते.
अकरा दिवस बोलली नाही.
बाराव्या दिवशी मी शिडीवर, वरच्या पाकोळ्यांपाशी,
डोळ्याला भिंग:
इथे कुंचल्याची ओढ उलटी.
उजवीकडून डावीकडे.
डावखुरा हात.
किंतेला उजव्या हाताचा. मला ठाऊक आहे,
मी त्याच्याच पुस्तकावरून शिकलेय.

"त्या माझ्या," ती खालून म्हणाली, मागे न वळता.
"त्रेसष्ट. पंधरा वर्षांची होते.
तो झोपला की काढायचे.
झोपेत तो चांगला माणूस होता."
आणि हसली.
मला हसता येईना,
शिडीवरून उतरताही येईना.

पुढच्या सभेत उखडा म्हणणारे होते, ठेवा म्हणणारे होते,
एकजण पितळी पाटी लावा म्हणाला.
बोलले सगळे किंतेलाबद्दलच.
त्याचं नाव मी चौतीसपर्यंत मोजलं, मग सोडलं.
पाकोळ्यांचं कुणी काढलं नाही.

तुम्हाला काय वाटतं, मी तिला विचारलं.
"पाडली तर माझं जातं.
ठेवली तर त्याचं राहतं.
मला विचारू नकोस, मी संत्रं खातेय."

मग पिशवी गुंडाळता गुंडाळता:
"ती सहीची काढ. खालची, कोपऱ्यातली.
आणि तिथे दुसरी बसवू नकोस.
माझ्या नावाची तर नकोच.
भोक राहू दे."

पत्रात हे बसत नव्हतं. रात्री काढली.
छिन्नीचे सहा ठोके, सातवा माझ्या अंगठ्यावर.
उलटी केली तर मागच्या कोऱ्या मातीत
भाजून निघालेले बोटांचे चार ठसे,
बारीक.
त्याच्या सहीची मातीसुद्धा
कुणा मुलीने थापलेली.

टाइल माझ्या खणात आहे, पालथी.
भिंतीतल्या चौकोनात मुंग्या येतात,
कुणीतरी जुनं तिकीट खोचून ठेवलंय.
निर्णय अजून नाही.
घरी कागदावर एक लाट ओढली
तर मनगट वळलं
नेमकं त्याच्या पुस्तकातल्या आकृतीसारखं.
मी कागद फाडला. मग चिकटवला. मग नुसती बसून राहिले.

आज देओलिंदा बाकावर तिरकी बसली होती.
डाव्या डोळ्याच्या कडेला भिंत येत असेल तिच्या.
चारची गाडी आली, थांबली,
गेली.