वरिष्ठांना कळवले

महिन्याचा दुसरा शनिवार, परळ, तिसरा मजला.
आधी चहा येतो, मग मेलेली माणसं.

इथे नाव घेत नाहीत.
"पुरुष, एकसष्ट, वसई. आतड्याचा जोड,
पाचव्या दिवशी सुटलेला."
नाव मला ठाऊक आहे. इनास डाबरे.
सोनचाफ्याच्या वाडीतला.
पहाटे दादरला फुलं टाकून तसाच
पोट धरून आमच्या रांगेत येऊन बसलेला;
तपासताना त्याच्या बोटांना वास होता.
टाके मी घातले. चांगले होते टाके.
हे वाक्य प्रत्येक सर्जन म्हणतो
आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

पडद्यावर तक्ता. हर्षल तांडेल, दुसऱ्या वर्षाचा,
लेसरचा लाल ठिपका त्याच्या हातात थरथरतोय.
तिसरी रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. नाडी एकशे अठरा.
सिस्टर वैजयंतांनी आकड्याभोवती गोल केलाय,
दोनदा, मागच्या पानावर उमटेल इतका दाबून.
त्या या खोलीत नाहीत.
सिस्टरांना इथे बोलावत नाहीत.

गोलाखाली तांडेलचं अक्षर:
वरिष्ठांना कळवले. निरीक्षण चालू.

"कोणाला कळवलं?"
गोरक्षकर विचारतात, मान वर न करता.

या खोलीत पंखा आहे, हे मला आज कळतं.

उशाशी फोन.
"ताप नाही ना? पोट मऊ आहे? मग सकाळी बघू."
वीस सेकंद असतील.
नंतर लगेच झोप लागली होती,
तेच जास्त आठवतं.

पोरगा माझ्याकडे बघत नाही.
मुद्दाम बघत नाही.
असंच मीही बघितलं नव्हतं एकदा,
याच टेबलाशी, एका मोठ्या माणसाकडे,
आणि त्यांनी सावकाश चहाचा कप उचलला होता.

"माझ्याकडून उशीर झाला, सर," तांडेल म्हणतो.

कप माझ्यासमोरही आहे. साय धरलेला.

"फोन मला आला होता."
आवाज रोजचाच निघतो, कात्री मागावी तसा.
कोणी दचकत नाही.
गोरक्षकर लिहून घेतात, फॉर्म माझ्याकडे सरकवतात.

मृत्यू टाळता आला असता का?
हो. नाही. कदाचित.
झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून
कदाचितचा चौकोन आधीच काळा पडलाय.
मी 'हो'वर खूण करते.
खाली रकाना: यातून काय शिकलात? जागा दीड ओळ.
रात्री उठून जावं, असं लिहिते, आणि खोडते.
ते मला येत होतं.
एकशे अठरा म्हणजे काय, तेही येत होतं,
तांडेलच्या जन्माआधीपासून.

वैजयंतांना इथे खुर्ची हवी, एवढं लिहिते.
ओळ संपते.

तोवर पडदा बदललेला.
"स्त्री, चौतीस, मानखुर्द."
दाराशी कोणीतरी बिस्किटांचा पुडा फोडतं,
जमेल तितक्या हळू.