एक्केचाळीस नंबर

त्राब्झोनच्या मासळीबाजारातल्या साठ मांजरांचं रक्त
साठ नळ्यांत, बर्फावर.
नावं नाहीत, आकडेच.
फक्त एक्केचाळिसावीला मी मनातल्या मनात लेबलेबी म्हणते,
भाजलेल्या हरभऱ्याचा रंग आहे तिच्या पाठीवर,
आणि सुई टोचताना तिनं माझं मनगट
एकदाच, मोजून, चावलं होतं.

तुरगाय सर जुन्या वळणाचे.
निळा रंग, जिवंत परजीवी,
ते जगवायला तळघरात पाळलेले उंदीर.
जो परजीवी निळा पितो, तो अजून धडधाकट.
जो कोराच राहतो, त्याला रक्तानं ओळखून गाठलेलं.
म्हणजे रंग न चढणं हाच होकार.
हे अंगवळणी पडायला मला दोन हिवाळे लागले.

माझी पद्धत नवी. शहाण्णव खळग्यांची प्लेट,
पिवळा उजळला की हो.
चहा निवायच्या आत मशीन आकडा छापतं.
उंदीर लागत नाहीत. तळघराची पायरीही.

छप्पन्न नळ्यांवर आमचं एकमत.
तिघींचं थोडं पुढेमागे, सर म्हणाले, चालायचंच.
एक्केचाळीसला माझी प्लेट हो म्हणते,
सरांचा सूक्ष्मदर्शक नाही.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
त्या थेंबानं ताकास तूर लागू दिली नाही.

संध्याकाळी हिजरानचा फोन. तिसरा महिना.
"सासूबाई म्हणतात मांजर बाहेर काढ.
तुझ्याकडे आणू का त्याचं रक्त? काय ते एकदा सांग."
काय सांगू, बाई.
होकार म्हणजे नुसती आठवण:
कधीतरी दुखणं येऊन गेलं, अंगानं ध्यानात ठेवलं.
भ्यायचं तर बहुधा आठवण नसलेल्या पोरसवद्या बोक्याला,
नुकताच पहिला उंदीर मारून आलेल्या.
मी एवढंच म्हटलं,
तुझं स्वतःचं रक्त आधी डॉक्टरांना दाखव.
पालेभाजी तीन पाण्यांनी धू. कच्चे कोफ्ते नकोत.
मांजराची पेटी रोज नवऱ्याला साफ करू दे.
मांजर राहू दे.
पलीकडून बराच वेळ नुसती घुरघुर ऐकू आली.

वहीत सरांनी पेन्सिलीनं लिहिलं: अनिश्चित.
शाई वापरली नाही.

सकाळी बाजारातून गेले.
हमसीच्या पेट्यांखाली लेबलेबी बसलेली, मिशांवर खवला.
मी तेच मनगट पुढे केलं.
तिनं हुंगलं,
आणि काहीच केलं नाही.