स्तंभ नऊ

जूनचा शेवटचा आठवडा.
रुवीत मांजरंसुद्धा उभ्या गाड्यांखालून बाहेर येत नाहीत.
चौथ्या मजल्यावर, निळ्या काचांच्या खोलीत
मी माणसं ओळीनं लावते:
नाव, जन्मतारीख, पासपोर्टवरचा पत्ता,
पॅन,
आणि नवव्या स्तंभात
एकतीस डिसेंबरच्या रात्री
खात्यात जे काही पडून होतं ते.

फाइल आधी इथल्या कर कार्यालयात जाते,
तिथून दिल्लीला.
दोन सरकारं एकमेकांशी बोलतात
तशा दोन जावा कधी बोलल्या नसतील,
हातचं काही न राखता.

रुजू झाले त्या दिवशी बद्रियाबाईंनी कागद पुढे केला.
अरबी उजवीकडून येत होती, इंग्रजी डावीकडून,
मधे बोटभर कोरी पट्टी.
"वाचून घे," म्हणाल्या, "मग विसरायला शीक."
मी मराठीत सही केली.
त्या भाषेत कुठलंच कलम नव्हतं.

ओळ दोन हजार एकशे सहा.
वामन गोपाळ तिरोडकर,
दुक्मच्या गोदीत जहाजांची पोटं खरवडून घेणारा मुकादम.
मागच्या जूनमध्ये त्याचा नववा स्तंभ पाहिला
तेव्हा मी चष्मा पुसला होता.
आकडा तोच राहिला.
यंदा नुसता पाहिला. वाढलाय.

मधल्या जानेवारीत, दारसैतच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला
त्याची बायको माझ्या शेजारी येऊन बसली.
महिनाभराच्या व्हिसावर आलेली,
उसवलेली चप्पल खुर्चीखाली सारत.
"तुमच्याच बँकेत खातं आहे म्हणे ह्यांचं.
असेल का हो त्यात काही?
हे म्हणतात, गल्फात आता काही राहिलं नाही.
पोरीची नर्सिंगची फी भरायचीय."

मी तिळाची वडी तोंडात टाकली.
तोंड भरलेलं असलं
की खोटं बोलावं लागत नाही.

मला माहीत होतं. मस्कतला माहीत होतं.
दिल्लीत कुणीतरी, डबा उघडायच्या आधी,
त्या ओळीवरून नजर फिरवून मोकळं झालं असेल.
गुप्त होतं ते एवढ्या एकाच बाईपासून,
जिच्या कपाळावर मी
नुकतंच कुंकू टेकवलं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची.
इथे मूठ झाकलेलीच राहते.
आत काय आहे, तेवढं दर जूनला
वर कळवायचं.

तो का साठवतो, मला ठाऊक नाही.
कुणासाठी, कसल्या भीतीनं,
की रात्री पत्र्याच्या खोलीत
फोनवर तो आकडा बघितला की झोप लागते म्हणून.
'का'साठी स्तंभ नाही.
एकदा बद्रियाबाईंना तसं म्हणालेही.
त्यांनी करक चहाचा कप खाली ठेवला.
"स्तंभ वाढवले," म्हणाल्या, "तर त्यात आपणही मावू."

ओळ तीन हजार चारशे अकरा.
आडनाव लग्नानंतरचं, पत्ता सासरचा, फलटण.
पॅन बरोबर.
नवव्या स्तंभात ते पैसे,
जे भिशीत बुडाले म्हणून
मी घरी दोनदा रडून दाखवलंय.
स्पेलिंग तपासलं.
नावात एक 'ए' जास्त होता, काढला.
पुढच्या ओळीवर गेले.

पाच वाजता फाइलला कुलूप लागलं.
हिरवी पट्टी सरकत सरकत शंभरावर पोचली
आणि नाहीशी झाली.

घरी श्रीरंग कोथिंबीर निवडत बसला होता,
खाली कालचा पेपर.
"काय विशेष आज?"
"काही नाही," म्हटलं,
आणि त्याच्यासमोर मांडी घालून
पिवळी पानं वेगळी काढू लागले.