आयातीचा रकाना

न्यूपोर्टच्या कचेरीत ग्वेनलियन
देशाचा धूर मोजते, टनांत.
आलेख उतरत आलाय, साहेब खूश.
तिच्या बापाची भट्टी विझली
त्या वर्षी रेघ धाडकन खाली आली होती.
बाप मग नुसता अंगणात उभा असायचा,
स्वच्छ हवेत, खोकत.

आज तिनं एक रकाना वाढवला: आयात.
त्यात पोलादी पत्रे, सिमेंट,
टेबलावरची किटलीसुद्धा.
रेघ वर सरकली.

"हा धूर लिहायचा कुणाच्या नावे?"
साहेबांनी विचारलं.

किटलीच्या बुडाशी बारीक अक्षरांत: हानदान.
तिथं कुणी सूझेन
खिडकीची काच दिवसातून दोनदा पुसते.
फडकं काळं होतं.
ती ते झटकते,
कुठल्या देशात,
हे तिला कुणी विचारलेलं नाही.

पाणी उकळलं.
ग्वेनलियननं दोन कप मांडले.